चित्रफितीचे दिवस

आमच्या मंडळाचं सामान भाड्याच्या एका स्टोरेज लॉकरमध्ये असतं. गणपतीचं मखर, नाटकाचे पडदे, समया, पन्नास माणसांच्या आमटीचं पातेलं, आणि दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या कार्यकारिण्यांनी 'नंतर बघू' म्हणून ठेवून दिलेली खोकी. नव्या कार्यकारिणीनं लॉकर आवरायला काढला, तेव्हा मागच्या कोपऱ्यातून अशी तीन खोकी निघाली. त्यांत साठ-पासष्ट चित्रफिती होत्या. व्हीएचएस, हाय-एट, मिनी-डीव्ही, सगळ्या घराण्यांच्या. काहींवर सुवाच्य लेबलं, काहींवर नुसतंच 'दिवाळी', कुठल्या सालची ते देव जाणे. कार्यकारिणीतल्या एका तरुणाचा मला फोन आला, "काका, तुम्ही याच धंद्यात होतात ना? हे ठेवायचं की टाकायचं?"

होतो खरा. लॉस एंजेलिसच्या परिसरात टेलिव्हिजनच्या पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे चित्रीकरण संपल्यावर जे काम सुरू होतं त्या कामात, मी सत्तावीस वर्षं मेंटेनन्स इंजिनियर होतो. पडद्यावर नाव येत नाही अशी ही नोकरी. यंत्रं चालू असली की कोणी ओळखत नाही आणि बंद पडली की सगळे नावानं हाका मारतात! त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. पण त्या खोक्यांत एक टेप नव्हती, आणि ती का नव्हती हे मला एकट्यालाच ठाऊक होतं. ते सांगायचं तर जरा मागे जायला हवं. चांगलं १९५६ सालापर्यंत.

दोन इंच रुंद

टेलिव्हिजन सुरू झाला तेव्हा तो सगळा 'जिवंत' होता. कॅमेऱ्यासमोर घडलं की घराघरांत दिसलं, आणि दिसलं की संपलं. अमेरिकेची अडचण अशी की न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा लॉस एंजेलिसला दुपारचे चार वाजलेले असतात. पश्चिम किनाऱ्यावर तोच कार्यक्रम तीन तासांनी दाखवायचा, तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून तो टिपायचा, फिल्म घाईघाईनं धुवायची आणि ओली असतानाच चालवायची. याला किनेस्कोप म्हणत. चित्र धुरकट यायचं आणि खर्च दांडगा.

आवाजाची चुंबकीय फीत तोवर आली होती. अलेक्झांडर पोनियाटॉफ या रशियातून आलेल्या इंजिनियरनं १९४४ मध्ये कॅलिफोर्नियात अँपेक्स कंपनी काढली होती. त्याच्या नावाची आद्याक्षरं, आणि शेवटी 'एक्सलन्स'मधली पहिली दोन अक्षरं. गायक बिंग क्रॉस्बी यानं रेडिओचे कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित करता यावेत म्हणून त्या कंपनीच्या यंत्रांत पैसे घातले होते. मग तशीच फीत चित्रासाठी का नको? कारण चित्रातली माहिती प्रचंड. आपल्या कानाला वीस हजार कंपनांच्या पलीकडचं ऐकू येत नाही, चित्राला मात्र सेकंदाला चाळीस लाखांच्या घरात लागतात. स्थिर हेडवरून फीत पळवून एवढं उतरवायचं तर ती वाऱ्याच्या वेगानं पळवावी लागते. बीबीसीनं 'व्हेरा' नावाचं असं एक यंत्र केलंही होतं. त्यात फीत सेकंदाला दोनशे इंच धावायची.

अँपेक्समध्ये चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या हाताखाली पाच-सहा जणांची तुकडी होती. रे डॉल्बी हा त्यांतला सगळ्यांत धाकटा. पुढे ज्याचं नाव प्रत्येक कॅसेटवर आलं तोच हा डॉल्बी. या मंडळींनी प्रश्न उलटा केला. फीत पळवण्याऐवजी हेडच फिरवलं तर? एका चकतीवर चार हेडं बसवली, ती मिनिटाला १४,४०० फेऱ्यांनी गरगर फिरवली, आणि दोन इंच रुंद फीत तिच्यासमोरून आडवी, सेकंदाला फक्त १५ इंच अशी शांतपणे जाऊ दिली. फीत बैलगाडीच्या चालीनं आणि हेड विमानाच्या. १४ एप्रिल १९५६ रोजी शिकागोला प्रसारकांच्या अधिवेशनात त्यांनी चालू भाषण टिपून तिथल्या तिथे पडद्यावर दाखवलं, तेव्हा सभागृह क्षणभर स्तब्ध होतं आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणतात. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसनं डग्लस एडवर्ड्सच्या बातम्या हॉलिवूडमध्ये टेपवर घेऊन पश्चिमेला नंतर दाखवल्या. यंत्राची किंमत ५०,००० डॉलर्स. १९५६ चे डॉलर्स!

ब्लेड, लोहचूर्ण आणि तिथीचा क्षय

टेप आली, पण ती कापायची कशी? सिनेमाची फिल्म उजेडासमोर धरली की चित्र दिसतं. टेप म्हणजे नुसती तपकिरी पट्टी. तिच्यावर काय आहे ते डोळ्यांना दिसतच नाही. मग सुरुवातीच्या संपादकांनी बारीक लोहचूर्ण घातलेलं द्रावण फितीला लावायला सुरुवात केली. चूर्ण चुंबकीय रेषांवर बसलं की सूक्ष्मदर्शकातून दोन चित्रांमधली सीमा दिसायची. तिथे ब्लेड. केसभर इकडे-तिकडे झालं की घरोघरच्या टीव्हीवर चित्र गडगडायचं. मी या धंद्यात आलो तेव्हा हे दिवस संपले होते, पण ते काम केलेला एक म्हातारा एडिटर आमच्याकडे होता. त्याच्या टेबलाच्या खणात ते जुनं कापणी-यंत्र जपून ठेवलेलं असे, आणि कोणी फार कुरकुर केली की तो काही न बोलता ते काढून टेबलावर ठेवी.

१९६३ मध्ये अँपेक्सनं 'एडिटेक' आणलं आणि न कापता, एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर उतरवून जोडणी करता येऊ लागली. यात ब्लेड गेलं, पण नवा जाच आला. ओळीनं उतरवत जायचं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम तयार झाला आणि निर्मात्यानं सातव्या मिनिटाला चार सेकंद वाढवायला सांगितले, की सातव्या मिनिटापासून पुढचं सगळं पुन्हा. नाहीतर तयार टेपवरून आणखी एक नक्कल काढायची, आणि नकलेच्या नकलेत चित्र उतरत जायचं, फोटोकॉपीची फोटोकॉपी काढावी तसं.

हे काम काटेकोर व्हावं म्हणून १९६७ च्या सुमारास टाइमकोड आला. फितीवरच्या प्रत्येक चित्राला तास, मिनिट, सेकंद आणि चित्रक्रमांक असा स्वतःचा पत्ता. इथे एक गंमत आहे. अमेरिकेच्या कृष्णधवल टीव्हीत सेकंदाला ३० चित्रं होती. १९५३ मध्ये रंग घालताना आवाजाशी भांडण होऊ नये म्हणून तो वेग किंचित कमी करून २९.९७ केला गेला. आता ३० च्या हिशेबानं पत्ते देत गेलं, तर तासाला १०८ चित्रांचा, म्हणजे साडेतीन सेकंदांहून जास्त फरक पडतो. जाहिरातदार सेकंदाचे पैसे मोजतात, त्यांना हे कसं चालावं? तोडगा असा निघाला की दर मिनिटाच्या सुरुवातीचे दोन क्रमांक गाळायचे, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. तासाला चौपन्न वेळा दोन, म्हणजे बरोबर १०८.

नवीन माणसांना हे समजावताना माझे अमेरिकन सहकारी घामाघूम होत. त्यांना वाटे चित्रंच गाळली जातात. मला मात्र हे पहिल्याच दिवशी कळलं, कारण घरात लहानपणापासून भिंतीवर पंचांग होतं. पंचांगात तिथीचा क्षय होतो, दिवसाचा होत नाही. पंचमीनंतर एकदम सप्तमी आली म्हणून कोणाच्या आयुष्यातला वार कमी होत नाही. तसंच हे. आकडा गळतो, चित्र गळत नाही.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नये

आता मॉनिटरकडे वळतो, कारण माझी गोष्ट तिथेच घडते.

घरातला टीव्ही आणि स्टुडिओतला मॉनिटर दिसायला भाऊ-भाऊ, पण स्वभाव वेगळे. घरचा टीव्ही तुम्हांला खूश करायला बनवलेला असतो. निळं अधिक निळं, लाल अधिक लाल. स्टुडिओचा मॉनिटर खरं सांगायला बनवलेला असतो, आणि खरं सांगणारी वस्तू नेहमीच महाग असते. आमच्या मुख्य खोलीतल्या मॉनिटरची किंमत तेव्हाच्या माझ्या गाडीपेक्षा जास्त होती. खोलीच्या भिंती राखाडी, मागचा उजेड ठरावीक पांढऱ्या छटेचा, कारण भिंत पिवळी असली तर डोळा तिला पांढरी मानू लागतो आणि चित्र निळं दिसायला लागतं. रोज सकाळी माझं पहिलं काम म्हणजे रंगपट्ट्या लावून मॉनिटर जुळवायचा. फक्त निळा रंग चालू ठेवून पट्ट्या सारख्या दिसेपर्यंत बटणं फिरवायची. खाली काळ्याच्या तीन बारीक छटा असतात. एक काळ्याहून काळी, एक नेमकी काळी, एक किंचित उजळ. शेवटची जेमतेम दिसली पाहिजे आणि पहिली दिसता कामा नये.

एवढं करूनही मॉनिटरवर भिस्त ठेवायची नाही असं आम्हांला शिकवलेलं होतं. शेजारी दोन लहान हिरवे पडदे असत. एक वेव्हफॉर्म मॉनिटर, तो चित्रातला उजेड मोजतो. पांढऱ्याची कमाल मर्यादा १००, अमेरिकन पद्धतीत काळ्याची पातळी साडेसात. दुसरा व्हेक्टरस्कोप, तो रंग मोजतो. या दुसऱ्या पडद्यानं मला एक गोष्ट शिकवली, ती मी विसरलेलो नाही. माणसाच्या त्वचेचा रंग त्यावर एका ठरावीक रेषेच्या आसपास पडतो. गोरा माणूस असो, काळा असो, आपल्यासारखा गव्हाळ असो, रेषा जवळपास तीच. फरक असतो तो मुख्यतः उजेडाचा. त्वचेखाली रक्त सगळ्यांचं सारखं, आणि रंगाला दिशा देणारं तेच. या देशात नव्यानं आलेल्या माणसाला हे यंत्राकडून कळावं याचं मला तेव्हा मोठं अप्रूप वाटलं होतं.

आपल्या लोकांना टेपच्या भानगडी कळल्या त्या मात्र वेगळ्या वाटेनं. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं, १९८२ मध्ये भारतात रंग आला, आणि भारतानं पाल पद्धत घेतली. ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत एनटीएससी. ५२५ रेषा आणि ते २९.९७. त्यामुळे गावाकडून कोणी भावाच्या लग्नाची टेप पाठवली की ती इथल्या व्हीसीआरमध्ये घालून सगळे पडद्यावरच्या मुंग्या आणि पट्ट्या बघत बसायचे. मंडळात कोणा एकाकडे 'मल्टिसिस्टिम' व्हीसीआर असे. त्या गृहस्थाला अध्यक्षांपेक्षा जास्त मान होता, आणि शनिवारी संध्याकाळी त्याच्या बायकोला चहाची आधणं चढवण्यातून सवड नसे.

आमच्या कामात शेवटचा नियम एकच होता. कार्यक्रम वाहिनीला पाठवण्यापूर्वी तयार टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबवता, चांगल्या मॉनिटरवर बघायची. सुरुवातीला रंगपट्ट्या, मग पाटी, आणि टाइमकोडवर बरोबर एक तास वाजता कार्यक्रम सुरू. मधे कुठे पांढरं मर्यादेबाहेर गेलं तर टेप परत. रात्री दोन वाजले असले तरी बघायची. कंटाळवाणं काम होतं. पण त्या कंटाळ्यातच सगळी शिस्त होती.

माऊस आला

न कापता आणि ओळीत न अडकता काम करण्याचं स्वप्न जुनंच होतं. सीबीएस आणि मेमोरेक्स यांनी मिळून १९७१ मध्ये 'सीएमएक्स ६००' आणलं. कॉम्प्युटरच्या मोठाल्या चकत्यांवर कृष्णधवल, अर्धवट स्पष्ट चित्रं ठेवायची, प्रकाश-लेखणीनं पडद्यावर टोचून निवडायची, आणि शेवटी कुठलं दृश्य कुठून कुठपर्यंत याची यादी काढायची. किंमत अडीच लाख डॉलर्स. यंत्र फारसं खपलं नाही. पण ती यादी, ईडीएल, तेवढी टिकली. १९८४ मध्ये लूकसफिल्मनं लेझर डिस्कवर चालणारं 'एडिटड्रॉइड' दाखवलं. त्याच वर्षी आलेल्या 'मोंटाज'मध्ये तर एकाच मजकुराच्या सतरा बीटामॅक्स टेपा एकाच वेळी चालत. एक दृश्य दाखवत असताना बाकीची यंत्रं पुढची दृश्यं शोधत पळत असायची.

खरा बदल झाला १९८९ मध्ये, बिल वॉर्नरच्या 'अॅव्हिड'नं. मॅकिंटॉशवर चित्रं आकड्यांच्या रूपात. सातव्या मिनिटाला चार सेकंद वाढवायचे? वाढवा, पुढचं सगळं आपोआप सरकेल. सुरुवातीला चित्र इतकं ओबडधोबड होतं की त्यावर फक्त निर्णय घ्यायचे, आणि अंतिम काम यादीप्रमाणे पुन्हा टेपवर करायचं. पण चकत्या मोठ्या आणि स्वस्त होत गेल्या. 'द इंग्लिश पेशंट' हा १९९६ चा सिनेमा वॉल्टर मर्च यांनी कॉम्प्युटरवर संपादित केला आणि त्यांना ऑस्कर मिळालं. तसं मिळालेलं ते पहिलंच. १९९५ मध्ये छोट्या डीव्ही फिती आल्या, एका तासाला साधारण तेरा गिगाबाइट्स. १९९९ मध्ये अॅपलनं 'फायनल कट प्रो' ९९९ डॉलर्सना बाजारात आणलं. ज्या कामाला पूर्वी खोलीभर यंत्रं लागायची, ते एका तारेनं कॅमेरा जोडून जेवणाच्या टेबलावर होऊ लागलं.

माझंही एक काम असंच टेबलावर झालं.

एका रात्रीचं काम

१९८८ च्या दिवाळीच्या कार्यक्रमात आमच्या मंडळातल्या एका मावशींनी वीस मिनिटांचा एकपात्री प्रयोग केला होता. मुलाकडे राहायला आलेल्या आणि इथेच राहून गेलेल्या मावशी. इंग्रजी जेमतेम, पण रंगमंचावर उभ्या राहिल्या की हॉल ताब्यात. सगळा प्रयोग एका स्पॉटलाइटमध्ये. कोणीतरी खांद्यावरच्या व्हीएचएस कॅमेऱ्यानं तो टिपला होता. मावशी १९९८ मध्ये वारल्या, आणि दोन वर्षांनी त्यांच्या मुलीनं विचारलं, "ती टेप चांगली करून मिळेल का?"

मी म्हटलं, त्यात काय, एका रात्रीचं काम. घरी नवा मॅक होता, नवं सॉफ्टवेअर होतं, टेपवरचं चित्र आकड्यांत बदलणारी डबी होती. मॉनिटर आणि वेव्हफॉर्म ऑफिसात होते. ते आणायचे म्हणजे कोणाची तरी परवानगी, गाडीत ती धोंड उचलून ठेवणं, पाठदुखी. साधा टीव्हीसुद्धा जोडला नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र अंधारं दिसत होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर टीव्हीचं चित्र तसंच दिसतं, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. पण रात्री साडेअकराला मी व्हिडिओच्या पातळीचं बटण उजवीकडे फिरवलं. चित्र छान उजळलं. सुरुवातीचं थोडं पाहिलं, बाकीचं यंत्रावर सोडून झोपलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टेपा शेवटपर्यंत बघितल्या, ही बघितली नाही.

सकाळी मिनी-डीव्हीवर प्रत काढून दिली. सेक्रेटरींनी विचारलं, मूळ टेपचं काय? मी म्हणालो, आता तिची गरज नाही. व्हीएचएसच्या पाठीवर प्लास्टिकची एक छोटी कडी असते, ती मोडली की त्या टेपवर पुन्हा काही उतरत नाही. ती कोणी मोडली नव्हती. पुढच्या महिन्यात त्या टेपवर संक्रांतीचा कार्यक्रम घेतला गेला. दोन डॉलर वाचले.

काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी मोठ्या टीव्हीवर टेप लावली. मागचा पडदा सुंदर दिसत होता. मावशींच्या नऊवारीचे काठ दिसत होते. आणि चेहऱ्याच्या जागी एक पांढरी गोल चकती. स्पॉटलाइटनं आधीच उजळलेला चेहरा मी आणखी वर ढकलला होता. आकड्यांच्या चित्रात काळं १६ वर आणि पांढरं २३५ वर असतं, आणि २५५ हे छप्पर. छपराला जे जे टेकतं त्याचा एकच आकडा होतो. नाक, गाल, कपाळ, सगळं एकच. फिल्म किंवा टेप जराशी चुकली तर काहीतरी मागे उरतं. इथे गाल कुठे संपला आणि नाक कुठे सुरू झालं हे सांगायला काहीच उरलेलं नव्हतं. त्यानंतर किती नवी सॉफ्टवेअर्स आली, मी प्रत्येकावर तो तुकडा चालवून बघितला आहे. नसलेलं कोण आणणार?

त्यांच्या मुलीनं वीसही मिनिटं पाहिली आणि म्हणाली, "आवाज अगदी आईचाच आहे हो." मला चहा दिला. मी काय झालं ते तिला सांगितलं, पण ते पुढच्या वर्षी. त्या दिवशी धीर झाला नाही.

टेपविना

२०११ साल आमच्या धंद्यात दोन गोष्टींसाठी लक्षात राहिलं. मार्चमध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामी आली. तागाजो इथला सोनीचा कारखाना पाण्याखाली गेला आणि मोठमोठ्या मालिका ज्या एचडीकॅम-एसआर फितीवर होत त्या फितीचा दुष्काळ पडला. आमच्या स्टोअरमध्ये एकेक कॅसेट मोजून, सही घेऊन मिळू लागली. वर्षानुवर्षं 'टेप सोडा, फाइलवर या' म्हणून जे घडलं नव्हतं, ते काही महिन्यांत घडायला लागलं.

आणि २१ जूनला अॅपलनं 'फायनल कट प्रो टेन' काढलं. किंमत ३०० डॉलर्स, वेग अफाट, सगळी मांडणी नवी. पण त्यात टाइमकोडच्या यादीबरहुकूम टेपवरून दृश्यं उतरवून घेण्याची सोय नव्हती, तयार कार्यक्रम टेपवर परत उतरवण्याची नव्हती, ईडीएल नव्हती, आणि स्टुडिओच्या मॉनिटरला नीट चित्र देण्याची सोयही नव्हती. जुन्या सॉफ्टवेअरमधली कामं त्यात उघडत नव्हती, आणि जुन्याची विक्री त्याच दिवशी बंद. एडिटर लोकांनी आकाशपाताळ एक केलं. कोनन ओब्रायनच्या एडिटरांनी तर टीव्हीवर त्याची टिंगल करणारा विनोदी तुकडा दाखवला. ग्रास व्हॅलीच्या एजेए आणि मेलबर्नच्या ब्लॅकमॅजिक या कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची छोटी सॉफ्टवेअर्स होती. त्यांतून टेप आधी वेगळी उतरवून घ्यायची, मग ती फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची, आणि शेवटी उलट वाटेनं टेपवर, अशी आडवळणाची कामं आम्ही काही महिने केली. ३१ जानेवारी २०१२ च्या सुधारणेत बाहेरच्या मॉनिटरची सोय, प्रायोगिक म्हणून का होईना, आली. टेपवर उतरवण्याची सोय मात्र आली नाही.

आमच्या जेवणाच्या खोलीत यावर रोज वाद होत. तरुण म्हणत, टेप मेली आहे, तिच्यासाठी कोण रडतं? म्हातारे म्हणत, यांना कामातलं काही कळत नाही. मला दोघांचंही अर्धं पटत असे. टेप जाणारच होती. पण टेपबरोबर शेवटपर्यंत बघण्याची सक्तीही गेली. टेपवर एक तासाचा कार्यक्रम उतरवायला एक तासच लागायचा, आणि त्या तासात काहीच करण्यासारखं नसल्यामुळे माणूस समोर बसून बघायचा. फाइल दहा मिनिटांत तयार होते. मग ती कोण बघतो? मॉनिटरची मागणी म्हणजे म्हाताऱ्यांचे लाड आहेत असं कोणी म्हणालं, की मला ती पांढरी चकती दिसायची. मी वादात बोलत नसे.

तर मग, ठेवायचं की टाकायचं?

चुकांच्या बाबतीत आम्ही एकटे नाही, एवढाच दिलासा. दोन इंची टेप महाग होती म्हणून बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकांतले असंख्य कार्यक्रम पुसून त्याच फिती पुन्हा वापरल्या. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, तेव्हाचे मूळ, अधिक स्वच्छ चित्राचे संदेश ज्या फितींवर होते, त्याही बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासानं २००९ मध्ये जाहीर केला. जगाला दिसलं ते टीव्हीच्या पद्धतीत बदललेलं, धूसर झालेलं चित्र. नासासारख्या संस्थेचं असं होतं, तर आमच्या सेक्रेटरींना काय बोल लावायचा?

आता फितीही म्हाताऱ्या झाल्या आणि यंत्रंही. सोनीनं बीटामॅक्स कॅसेट्स २०१६ च्या मार्चनंतर बंद केल्या. फुनाई ही व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणारी जपानी कंपनी, तिनंही त्याच वर्षी जुलैअखेर उत्पादन थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र-ध्वनि संग्रहालयानं २०१५ मध्येच इशारा दिला होता की २०२५ नंतर चुंबकीय फितींतलं बरंचसं कायमचं हाताबाहेर जाईल. फीत नुसती पडून राहिली तरी तिच्यावरचा चिकट थर दमटपणानं बिघडतो, बुरशी येते, आणि ती बिघडली नाही तरी चालवणारं यंत्र मिळत नाही, यंत्र मिळालं तर दुरुस्त करणारा मिळत नाही. दुरुस्त करणाऱ्यांत आता मीही जमा आहे, आणि माझंही वय सांगण्यासारखं उरलेलं नाही.

म्हणून त्या मुलाला मी म्हटलं, टाकू नकोस, आणि एकटा काही करूही नकोस, मी येतो. गेले काही महिने आम्ही दोघं शनिवारी माझ्या गराजमध्ये बसतो. जुना पण चालता व्हीसीआर, चित्र स्थिर करणारी पेटी, ऑफिसनं मोडीत काढलेला काचेच्या नळीचा मॉनिटर आणि त्याच्या शेजारी हिरवा वेव्हफॉर्म. टेप आधी खिडकीच्या उजेडात बघायची, पांढरी भुकटी दिसली तर ती यंत्रात घालायची नाही, वेगळी ठेवून जाणत्याकडे द्यायची. पाठीवरची कडी मोडायची. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळायची. मग पांढऱ्याची पातळी मर्यादेच्या जरा खालीच ठेवून उतरवायची. अंधारं वाटलं तर वाटू दे, ते नंतर उजळता येतं. दोन चकत्यांवर दोन प्रती, त्याही दोन वेगळ्या घरांत. मूळ फीत टाकायची नाही. आणि उतरलेलं सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बसून बघायचं.

त्या मुलाला पहिल्यांदा हा शेवटचा नियम जाचक वाटला. मग एका 'दिवाळी' लेबलाच्या टेपेत, कार्यक्रम संपल्यावर कोणी कॅमेरा बंद करायचा विसरला होता. रिकामा हॉल, खुर्च्या उचलणारी माणसं, आणि खुर्च्यांमधून धावणारी तीनेक वर्षांची एक मुलगी. तिच्या मागे हातात वाटी घेऊन तिची आई. ती मुलगी म्हणजे त्या मुलाची बायको. तिची आई आता नाही. चेहरा स्वच्छ दिसत होता. वेव्हफॉर्मवर पंच्याऐंशीच्या आसपास.

वाचकांच्या घरीही गराजमध्ये अशी खोकी असतील. एक शनिवार काढा. लेबलं वाचा, नसतील तर ज्यांना आठवतं त्यांना आत्ताच विचारून लिहून ठेवा. कड्या मोडा. आणि कोणाला जुळणारं यंत्र हवं असेल तर मंडळाकडे निरोप ठेवा. शनिवारी गराजमध्ये आम्ही असतो, चहाही असतो.